थर्मल कॅमेऱ्याला ऊन बाधतं, बंद असला तरी

‘थर्मल कॅमेरा उष्णता बघायलाच बनवलाय, तो सूर्याला काय भिणार? जर्मेनियमच्या लेन्समधून ऊन आत जातच नाही. कॅमेरा बंद असेल तर प्रश्नच मिटला. आणि डाग पडलाच तर शटर एकदा वाजू द्या, जातो.’ सोलर पॅनल आणि स्विचयार्ड (वीज उपकेंद्राचं आवार) तपासणाऱ्यांच्या मोबाइलवर हा मजकूर फिरतोय. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्या जिवावर बाकीची तीन खपतात.

अर्धं खरं ते जर्मेनियमचं. दिसणारा प्रकाश ते अडवतं, त्यामुळे सूर्याच्या ऊर्जेचा मोठा भाग बाहेरच राहतो. पण कॅमेरा तरंगलांबीच्या ज्या पट्ट्यात बघतो, साधारण 8 ते 14 मायक्रॉन, तो अडवला तर कॅमेरा आंधळाच होईल. सुमारे 5,500 अंश सेल्सिअसचा सूर्य त्या पट्ट्यातही भरपूर ओततो. आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. 13 मिलिमीटरच्या लेन्समागे त्याची प्रतिमा पडते जेमतेम 0.12 मिलिमीटरची, म्हणजे 12 मायक्रॉनचे दहा पिक्सेल. सगळा मारा तेवढ्याच ठिपक्यावर.

आता ‘उष्णता बघायलाच बनवलाय’. कॅमेऱ्यातली उष्णता टिपणारी चिप म्हणजे मायक्रोबोलोमीटर; तिचा पिक्सेल म्हणजे दोन बारीक पायांवर चिपच्या वर तोललेला पातळ पापुद्रा, भोवती निर्वात पोकळी. आलेली उष्णता निसटू नये म्हणूनच ही रचना, कारण एरवी पापुद्रा तापतो तो अंशाच्या बारीकशा हिश्शाने. सूर्य समोर आला की तीच रचना अंगाशी येते: उष्णता येते धो धो आणि जायला वाट नाही. पापुद्र्यातल्या व्हॅनेडियम ऑक्साइडचा विद्युत रोध बदलतो आणि कॅमेरा फिरवला त्या वाटेने चित्रात पांढुरकी रेघ उमटते.

‘भट्टी बघतो, मग सूर्य का नाही?’ म्हणणाऱ्यांनी माहितीपत्रक नीट वाचावं. 650 अंशांची रेंज म्हणजे आकडा कुठवर विश्वासाचा, एवढंच. त्याच पत्रकात कॅमेरा वापरायचं तापमान बहुधा 50 अंशांपर्यंतच असतं. मे महिन्यात चंद्रपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते केव्हाच ओलांडलं जातं.

बंद कॅमेरा? पापुद्रा तापायला वीज लागत नाही, आणि बंद स्थितीत शटर मिटलेलंच असेल याची खात्री नाही. फ्लिर या कॅमेरा कंपनीच्या हस्तपुस्तिकेत तर झाकण असो वा नसो, सूर्याकडे धरू नका, असं स्पष्ट लिहिलंय.

शटरचं मात्र फसवं आहे. ते समोर एकसारखा पडदा धरून पिक्सेलांमधला फरक वजा करतं. फिकट डाग त्याने झाकला जातो, काही डाग तास-दिवसांत आपोआप विरतातही. पण पिक्सेलचा प्रतिसादच बदलला असेल तर चित्र स्वच्छ आणि आकडा चुकीचा, अशी गत होते. विजेच्या जॉइंटच्या तापमानावर दुरुस्तीचा शेरा मारणाऱ्याला हे दिसणाऱ्या डागापेक्षा महाग पडतं.

‘मग उन्हात वापरायचाच नाही का?’ वापरायचा की. पॅनल तपासणीच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) मानकाला किमान 600 वॅट प्रति चौरस मीटर ऊन लागतंच. सूर्य पाठीशी घ्या, काचेतलं त्याचं प्रतिबिंब चुकवा, आणि ड्रोन उतरवताना गिंबल, म्हणजे कॅमेऱ्याची फिरती बैठक, खाली वळवा.