‘एक रुपयाही घेत नाही’: एका लाडक्या वाक्याचा हिशेब

भारत एखादा करंडक जिंकला की दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तो मजकूर हमखास येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच राहतं: ‘बीसीसीआय सरकारकडून एक रुपयाही घेत नाही. स्टेडियम स्वतःच्या पैशाने बांधते, उलट सरकारलाच भरघोस कर देते. मग हिशेब मागणारे तुम्ही कोण?’ खाली लगेच अंगठ्यांची रांग लागते. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये घसा बसेपर्यंत मीही ओरडलोय, त्यामुळे क्रिकेटशी माझं भांडण नाही. या मजकुराशी आहे.

त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या अनुदानावर मंडळ, म्हणजे बीसीसीआय, जगत नाही. बाकीचे कित्येक क्रीडा महासंघ जगतात. इथपर्यंत ठीक.

आता ‘स्टेडियम स्वतःच्या पैशाने’. स्टेडियम हवेत उभं राहत नाही, त्याला जमीन लागते, आणि शहरातल्या जमिनीपुढे सिमेंट-लोखंडाचा खर्च कित्येकदा किरकोळ ठरतो. वाराणसीच्या नव्या स्टेडियमचं उदाहरण घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हा सांगितलेला हिशेब असा: बांधकामावर मंडळाचे 330 कोटी, आणि जमीन संपादनावर उत्तर प्रदेश सरकारचे 121 कोटी. म्हणजे एकूण खर्चाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग सरकारी तिजोरीतून. हे जुन्या काळातलं नाही, मंडळ जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ झाल्यानंतरचं आहे.

आपल्या वानखेडेचंही तसंच. चर्चगेटची ती जमीन राज्य सरकारची, मुंबई क्रिकेट असोसिएशनला भाडेपट्ट्याने दिलेली. पन्नास वर्षांचा पट्टा 2018 मध्ये संपला आणि 2019 मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाने सुमारे 120 कोटींच्या मागणीची नोटीस काढल्याच्या बातम्या आल्या. चर्चगेटला दोन खोल्यांचं भाडं काय पडतं ते एकदा विचारून बघा, म्हणजे पन्नास वर्षं अख्खं मैदान वापरायला मिळण्याची किंमत कळेल.

‘ती राज्य संघटना, मंडळ वेगळं’ असं यावर कोणी तरी म्हणतंच. कागदावर वेगळं, कबूल. पण मंडळ म्हणजे या संघटनांचीच मिळून झालेली संस्था, आणि मंडळाच्या कमाईतला वाटा त्यांच्याकडेच जातो. पैसे वाटून घेताना एक कुटुंब आणि जमिनीचा विषय निघाला की वेगळ्या चुली, असं कसं चालेल?

पुण्याजवळचं गहुंजे थोडं निराळं. तिथे मुख्यतः कर्ज काढून स्टेडियम उभं राहिलं, हप्ते थकले, आणि जानेवारी 2018 मध्ये बँकांनी सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री, ताबा घेतला. त्यातली आघाडीची बँक ऑफ महाराष्ट्र, म्हणजे सरकारीच.

‘उलट सरकारलाच कर देते.’ देते. संसदेतल्या उत्तरानुसार 2021-22 चा आयकर 1,159 कोटी होता. आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे, पण तो प्रेक्षकाच्या खिशातून जातो, त्याचं श्रेय मंडळाला कशाला? आणि या मजकुरात अर्धीच गोष्ट येते. कायद्यांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने 2018 च्या 275 व्या अहवालात आकडा दिलाय: 1997 ते 2007 या काळात मंडळाला मिळालेली करसवलत 2,168 कोटींच्या घरात. कशासाठी? खेळाचा प्रसार करणारी धर्मादाय संस्था म्हणून. हा दावा मंडळाने आयपीएल आल्यावरही सोडला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाने मंडळाच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की, स्पर्धा लोकप्रिय आणि कमाईची केली म्हणून खेळाच्या प्रसाराचा हेतू संपत नाही. कायद्याच्या दृष्टीने असेल तसं. पण त्याच स्पर्धेचे पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क नंतर 48,390 कोटींना गेले. एवढा धर्मादाय गल्ला पंढरपुरातसुद्धा जमत नसेल.

न घेतलेला कर आणि दिलेलं अनुदान यांत तिजोरीला फरक काय पडतो? दोन्हीकडे तेवढेच पैसे कमी.

या मजकुरात पोलिसांचा तर उल्लेखच नसतो. सामन्याच्या दिवशी मरीन लाइन्सपासून चर्चगेटपर्यंत जे पोलीस उन्हात उभे असतात, त्यांच्या बंदोबस्ताचं शुल्क आयोजकांनी भरायचं असतं. जून 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढून हे शुल्क घटवलं, आणि तेही 2011 पासून मागे जाऊन! म्हणजे होऊन गेलेल्या सामन्यांच्या बिलावरही सूट. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी याविरुद्ध जनहित याचिका केली, त्यात 14.82 कोटींच्या थकबाकीचा मुद्दा होता, आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला याचं कारण विचारलं. तुमचा-माझा मालमत्ता कर बारा वर्षं मागे जाऊन कधी कोणी कमी केलाय? आयजीच्या जिवावर बायजी उदार ती हीच.

पाण्याचा विषय मी पैशात मोजत नाही, पण 2016 विसरता येत नाही. दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि इकडे आयपीएलसाठी खेळपट्ट्यांवर पाणी मारलं जात होतं. 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्या, असं शेवटी उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

राहिलं ‘हिशेब मागणारे तुम्ही कोण’. सगळा मजकूर याच एका वाक्यासाठी लिहिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच म्हटलंय की मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं. संघाला देशाचं नाव लावायचं, देशाच्या वतीने संघ निवडायचा, हे खासगी दुकानाचं काम नव्हे. विधी आयोगाने तर मंडळ माहिती अधिकाराच्या कक्षेत आणा, अशी शिफारसच केली. जुलै 2025 मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयकात सगळ्या मान्यताप्राप्त संघटना माहिती अधिकाराखाली येणार होत्या. ऑगस्टमध्ये मंजूर होताना मात्र दुरुस्ती झाली: सरकारी अनुदान किंवा आर्थिक साहाय्य घेणाऱ्याच संघटना, त्याही त्या पैशांपुरत्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वाक्य असं कायद्यातली पळवाट होऊन बसलं. स्वस्तातली जमीन, माफ केलेला कर, घटवलेलं बंदोबस्ताचं शुल्क हे ‘साहाय्य’ धरायचं की नाही, खरा वाद तिथे आहे.

मे 2025 मध्ये वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांच्या स्टँडचं उद्घाटन झालं. त्याच कार्यक्रमात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमसाठी जागा द्यायची तयारी दाखवली. व्हावं ते स्टेडियम, मी पहिल्या सामन्याला जाईन. ती जागा बाजारभावाने दिली गेली, तर वर लिहिलेलं बरंचसं मागे घ्यायलाही माझी हरकत नाही. नाममात्र भाड्याने गेली, तर तो मजकूर पुढे पाठवताना ‘एक रुपयाही’च्या शेजारी भाड्याचा दर तेवढा लिहा.