तयार घटना मागवण्यापूर्वी

देश नवा झाला, झेंडा शिवून झाला, जुन्या पुढाऱ्याचा पुतळा क्रेननं उतरवूनही झाला. अभिनंदन! आता तुमच्याकडे पाहुणे येतील. अमेरिकी विद्यापीठांतले कायद्याचे प्राध्यापक, हातात ब्रीफकेस आणि ब्रीफकेसमध्ये संघराज्य. १९९० च्या सुमारास प्रागमध्ये असे बरेच उतरले होते. त्यांना कॉफी द्या, चांगल्या हॉटेलात ठेवा आणि सांगतील ते वहीत उतरवून घ्या. सगळं कामाचं असतं. कुणाच्या कामाचं, ते पाहुणे परत गेल्यावर कळतं.

आधी नावाचं बघा. १९९० च्या जानेवारीत चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष वाक्लाव हावेल यांना वाटलं, देशाच्या नावातला 'समाजवादी' हा शब्द काढला की झालं. पाच मिनिटांचं काम. स्लोव्हाक म्हणाले, काढा की, पण 'चेको' आणि 'स्लोव्हाक' यांच्यामध्ये एक संयोगचिन्ह घाला, म्हणजे आम्हीही इथे राहतो हे दिसेल. चेक म्हणाले, म्युनिक करारानंतर १९३८ सालीही असंच चिन्ह घातलं होतं, पुढे काय झालं ते माहीत आहे ना? देशच फुटला होता! शेवटी तोडगा निघाला: चेक भाषेत चिन्हाशिवाय लिहायचं, स्लोव्हाक भाषेत चिन्हासकट. तो तोडगा महिनाभरही टिकला नाही. नाव पुन्हा बदललं, भांडण नाही बदललं, आणि १ जानेवारी १९९३ ला जनतेचा कौल न घेताच देशाचे दोन देश झाले. संयोगचिन्हावरून एवढा वियोग!

म्हणून नावागावात पडूच नका. अमेरिकनांचं बघा. त्यांच्या मूळ घटनेत 'फेडरल' (म्हणजे संघराज्याचा) हा शब्द एकदाही येत नाही आणि तरी सव्वादोनशे वर्षं ते त्यावरूनच भांडतायत.

ही घटना १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात लिहिली गेली. बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि आत घामाघूम झालेली पंचावन्न माणसं. ऱ्होड आयलंडनं तर माणूसच पाठवला नाही. लहान राज्यं रुसली, तेव्हा सिनेटमध्ये प्रत्येकाला सरसकट दोन जागा देऊन त्यांची समजूत काढली. रुसलेल्या व्याह्याला मानाचा आहेर वाढवून द्यावा, तसं. पण लग्न दोन दिवसांत उरकतं, हा आहेर अजून चालू आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख लोक आणि कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी. दोघांचे सिनेटर दोन-दोन. हे बदलायचं तर ज्याचं नुकसान होणार त्या राज्याची संमती लागते, अशी तजवीज घटनेतच करून ठेवली आहे. व्याही पक्के होते. राजधानी वॉशिंग्टनमध्ये वायोमिंगपेक्षा जास्त माणसं राहतात, पण त्यांच्या वाट्याला एकही सिनेटर नाही. त्याबद्दलची तक्रार ते गाडीच्या नंबरप्लेटवर सरकारी छापखान्यातून छापून घेतात.

दक्षिणेकडच्या राज्यांसाठी वेगळा हिशेब होता. लोकसंख्या मोजताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरायचा, म्हणजे मालकांच्या जागा वाढतील. तो हिशेब निस्तरायला १८६१ ते १८६५ युद्ध झालं आणि सहा लाखांवर माणसं मेली. पाहुणे हा भाग जेवणं झाल्यावर सांगतात, वेळ उरला तर.

पण खरं संघराज्य शिकायचं तर प्रागमध्ये बसून चालणार नाही, ओहायोतल्या डेटनला जायला हवं. राईट बंधूंचं गाव. तिथे दोन धडे आहेत.

पहिला धडा गव्हाचा. डेटनजवळ रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. गव्हाचा भाव पडू नये म्हणून केंद्र सरकारनं ज्याला त्याला कोटा नेमून दिला होता. फिलबर्नच्या वाट्याला ११.१ एकर आले, पेरले त्यानं २३. १९४१ च्या सुगीत २३९ बुशेल गहू जास्तीचा निघाला आणि दंड बसला ११७ डॉलर ११ सेंट. फिलबर्नचं म्हणणं अगदी साधं होतं. हा गहू मी कोंबड्यांना घालणार, जनावरांना घालणार, थोडा दळून घरी खाणार, उरलेला बियाण्याला ठेवणार. राज्याबाहेर सोडा, बाजारातही नेणार नाही. केंद्राचा अधिकार राज्याराज्यांतल्या व्यापारावर. तो माझ्या खुराड्यात कसा शिरला?

१९४२ साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं उत्तर दिलं. तू घरचा गहू खाल्लास, म्हणजे बाजारातून तेवढा घेतला नाहीस. सगळ्यांनीच असं केलं तर देशभरचा भाव हलेल. म्हणजे कोंबडीनं दाणा टिपला की झाला आंतरराज्य व्यापार!

हसू नका. अमेरिकी घटनेची सगळी तब्येत या कोंबडीत आहे. कलम तेच, शब्द तेच, पण गरज पडेल तसं ताणायचं आणि अंगाशी आलं की सैल सोडायचं. दारू पिण्याचं वय ठरवणं राज्यांकडे होतं, म्हणून १९८४ मध्ये केंद्र म्हणालं, ठरवा की खुशाल. फक्त २१ पेक्षा कमी ठेवलंत तर महामार्गांच्या निधीतून पैसे कापू. राज्यांना एकदम तत्त्वं पटली.

दुसरा धडा त्याच डेटनचा. नोव्हेंबर १९९५ मध्ये गावाबाहेरच्या राईट-पॅटरसन हवाई तळावर अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक यांनी सर्बियाचे मिलोसेविच, क्रोएशियाचे तुजमान आणि बोस्नियाचे इझेतबेगोविच या तीन अध्यक्षांना तीन आठवडे ठेवून घेतलं. मधे पार्किंग, भोवती अधिकाऱ्यांच्या राहण्याच्या इमारती, आणि ह्या दारातून त्या दारात निरोप. त्यातून बोस्निया-हर्झेगोविनाची घटना तयार झाली. ती शोधायची तर शांतता करार उघडा आणि परिशिष्ट क्रमांक ४ पाहा. मसुदा इंग्रजीत. जनतेचं मत घेतलं नाही, कारण जनता डेटनला नव्हती.

बोस्नियातलं युद्ध थांबलं, हे कबूल. जवळजवळ एक लाख माणसं त्यात गेली होती, त्यामुळे एवढ्यासाठी डेटनला हात जोडायलाच हवेत. पण आग विझवायला आलेल्या बंबाला कुणी दिवाणखान्यात ठेवून घेत नाही.

बोस्नियात ठेवून घेतला. लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास. देशाचे दोन भाग, त्यांतल्या एकात दहा कॅन्टन म्हणजे प्रांत, शिवाय ब्रच्को हा जिल्हा कागदावर दोघांचा, कारभार मात्र त्याचा त्याचा. राष्ट्राध्यक्ष तीन: एक बोस्नियाक (म्हणजे तिथला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. खुर्ची दर आठ महिन्यांनी फिरते. झेंड्यावर एकमत होईना, तेव्हा तो आंतरराष्ट्रीय समुदायाच्या उच्च प्रतिनिधीनं १९९८ मध्ये ठरवून दिला. राष्ट्रगीताला शब्दच नाहीत. शब्द म्हटले की भाषा आली आणि भाषा म्हटली की तिघे उठून उभे राहणार, पण गाण्यासाठी नव्हे.

तिथलं सिगारेटचं पाकीट एकदा निरखून बघा. 'पुशेन्ये उबिया', धूम्रपान जीव घेतं. हा इशारा तीन भाषांत तीनदा. बोस्नियन आणि क्रोएशियन ओळी अक्षर न् अक्षर सारख्या. सर्बियन ओळही तीच, फक्त सिरिलिक लिपीत. मरताना कुणावर अन्याय नको.

आता पाहुणे सांगायला विसरले ती गोष्ट. ओहायोचा माणूस टेक्सासात बिऱ्हाड हलवतो आणि टेक्सासचा मतदार होतो. पत्ता बदलला की राज्य बदललं, आजोबा कोण होते ते कुणी विचारत नाही. निदान कागदावर तरी नाही. डेटनच्या परिशिष्टात माणूस पत्त्यावर ठरत नाही, समाजावर ठरतो, आणि पुन्हा पत्ताही लागतोच. राजधानी सारायेव्होत राहणाऱ्या सर्बाला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहता येत नाही, कारण सर्ब अध्यक्ष दुसऱ्या भागातून निवडायचा. याकोब फिंची ज्यू, म्हणून कुठल्याच भागातून नाही. देर्वो सेजदिच रोमा (जिप्सी) समाजाचे, त्यांनाही नाही. फिंची स्वित्झर्लंडमध्ये या देशाचे राजदूत होते. म्हणजे देशाच्या वतीनं बोलायचं, पण देशाच्या खुर्चीसाठी अर्ज करायचा नाही. डिसेंबर २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव आहे असा निकाल दिला. निकालाची सगळ्यांनी नोंद घेतली.

२०१३ मध्ये तर नवजात बाळांना ओळखक्रमांक मिळेना. नव्या कायद्यात क्रमांकाची रचना कशी असावी, दोन भागांची हद्द त्यात दिसावी की नाही, यावर संसद अडली. क्रमांक नाही म्हणून पासपोर्ट नाही, आणि उपचारासाठी परदेशी न्यायचं एक तान्हं बाळ आजारी. जूनमध्ये आया बाबागाड्या घेऊन संसदेसमोर जमल्या, मग हजारो लोकांनी इमारतीला वेढा घातला. खासदार आतच. हे मी चेष्टेत सांगत नाही.

तर मग घटना दुरुस्त का करत नाहीत, असं तुम्ही विचाराल. करतील की! त्यातही अमेरिकेचाच कित्ता आहे. खासदारांच्या पगाराबद्दलची एक दुरुस्ती जेम्स मॅडिसन यांनी १७८९ मध्ये मांडली, ती १९९२ मध्ये पुरती मंजूर झाली. २०२ वर्षं. तीही कशी, तर १९८२ मध्ये टेक्सासातल्या एका विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं की ही दुरुस्ती अजून जिवंत आहे आणि मंजूर होऊ शकते. निबंधाला 'सी' श्रेणी मिळाली. त्या रागात पठ्ठ्या दहा वर्षं राज्याराज्यांना पत्रं लिहीत सुटला.

स्ट्रासबर्गचा निकाल २००९ चा. त्या हिशेबानं सारायेव्होला २२११ पर्यंत मुदत आहे. फक्त तोवर एखाद्या चांगल्या निबंधाला कमी मार्क द्यायला कुणी विसरू नये.