मोगलीचे मूळ गाव

गेल्या रविवारी सलूनमध्ये गळ्याभोवती कापड बांधून मी बसलो असताना शेजारच्या खुर्चीतील शाळकरी मुलाने मोबाइल पुढे करून ‘नारुतोसारखे’, म्हणजे एका अ‍ॅनिमेच्या (जपानी चित्रमालिकेच्या) नायकासारखे, केस कापण्याची फर्माईश केली. कोणी विचारले नसताना मी म्हणालो, ‘‘आम्हीही लहानपणी अ‍ॅनिमे पाहायचो. मोगली!’’ त्याने आरशातूनच माझ्याकडे पाहिले आणि अतिशय सभ्यपणे सांगितले, ‘‘काका, ते कार्टून होतं.’’

तो उद्धटपणे बोलला असता, तर मी सोडून दिले असते. त्या सभ्यपणानेच माझे डोके फिरले, आणि फिरलेले डोके मालकाने दोन्ही हातांनी धरून पुन्हा सरळ केले. खाली मान घालून मी माहिती देऊ लागलो : निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीची ही ५२ भागांची मालिका १९८९ मध्ये टीव्ही टोकियोवर सुरू झाली आणि दूरदर्शनवर हिंदीत आली ती त्यानंतर काही वर्षांनी, रविवारी सकाळी.

मालकाची कात्री थांबली.

‘‘साहेब, काहीपण सांगू नका. शेरखानचा आवाज कोणाचा?’’

‘‘नाना पाटेकरांचा.’’

‘‘नाना कुठले?’’

‘‘मुरूड-जंजिऱ्याचे.’’

‘‘मग? मुरूडचा माणूस जपानी वाघ कशाला होईल?’’

‘‘अहो, आवाज नंतर भरला.’’

‘‘आणि गाणं? गुलजारसाहेबांचं ना?’’

‘‘तेही हिंदीसाठी नव्यानं केलं. संगीत विशाल भारद्वाज यांचं.’’

‘‘म्हणजे आवाज आपला, गाणं आपलं, जंगल आपलं, चड्डी आपली. जपानचं राहिलं काय?’’

‘‘चित्रं!’’

‘‘चित्रं काय, कोणीपण काढतं.’’

हे वाक्य मला अजून पचलेले नाही. मोगलीचा मूळ लेखक रुडयार्ड किपलिंग याच्या ‘जंगल बुक’मध्ये मोगलीच्या कथा मोजक्या आणि सुट्या आहेत. त्यांना वर्षभर पुरेल असे सलग आयुष्य दिले ते फुमिओ कुरोकावा यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेने. म्हणूनच लांडग्यांच्या कुटुंबाला रुसायला-भांडायला सवड मिळाली, शेरखानची भीती एका भागात न संपता पुढच्या रविवारपर्यंत पोटात राहिली, आणि आजच्या चाळिशीतल्या माणसालाही बगीरा व बल्लू हे आपल्या नात्यातले कोणी वाटतात. शिवाय त्या चित्रकारांनी मोगलीच्या हाती बूमरँग दिले. मोगलीच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या अरण्यात ऑस्ट्रेलियातले शस्त्र कसे आले, असा प्रश्न आमच्या अख्ख्या चाळीत एकालाही पडला नाही. पण अ‍ॅनिमे कशाला म्हणावे, यावर आता शाळकरी मुले निकाल देतात.

तसे पाहिले, तर मालकाच्या हट्टाला थोडा आधार आहे. किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईचा, आणि सिवनी तर नागपूरपासून काही तासांच्या अंतरावर. मात्र त्याने मोगली लिहायला घेतला तो अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या थंडीत बसून, म्हणजे चड्डी हाच पोशाख तिथे अशक्य! हेही मी सांगणार होतो, परंतु त्याच क्षणी वस्तरा मानेवर आला आणि साहित्याचा इतिहास तिथेच अडला. श्रोत्याने वस्तरा धरलेला असताना वक्त्याला कोणते स्वातंत्र्य उरते? आणि आपल्याकडे नामावलीतल्या नावांना श्रेय कोण देतो? ज्याचा आवाज ओळखीचा, त्याचीच मालिका. हातांनी हजारो चित्रे काढणारे ते जपानी लोक आमच्या हिशेबात कधी आलेच नाहीत, आणि याची चीड मला सलूनबाहेर पडल्यावरही होती.

मी अजून खुर्चीतच असताना त्या मुलाने मोबाइलवर मूळ जपानी भाग शोधून काढला. मोगली अस्खलित जपानी बोलू लागला. आता तरी न्याय मिळेल, म्हणून मी आरशात डोळे लावले. मालकाने वस्तरा पुसत तो प्रसंग लक्षपूर्वक पाहिला आणि अभिमानाने म्हणाला, ‘‘बघा, आपला मोगली जपानीतसुद्धा डब केलाय.’’

‘‘हो,’’ मुलगा म्हणाला, ‘‘ओठ जरा मागेपुढे होतायत.’’

माझा एक कल्ला कानाच्या मध्यावर आणि दुसरा पाळीखाली उतरला होता. तक्रार केली, तर मालक म्हणाला, ‘‘तुम्ही मान हलवत होता ना, साहेब.’’