घडी न मोडलेली बाराबंदी

आज दुपारी सोलापुरात, सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभी होते. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, येऊन थांबलेले, मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या झालेल्या, आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. आमच्याच टीममधला, इथल्याच बाळे गावचा पोरगा. ऐरोलीच्या डेटा सेंटरच्या जिन्यात उभा होता, कारण सर्व्हर हॉलमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत. "ताई, फोन जरा वर धरा की. आमची काठी दिसंना." त्याच्या आजोबांपासून घरात नंदीध्वज पेलतात. हा सलग तिसऱ्या वर्षी आलेला नाही. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं, अक्षता उधळल्या, आणि तिकडं त्यानं रिकामी मूठ उघडली. खांदा भरून आला तरी माझा हात खाली येईना.

मी आज सुट्टी टाकलेली नव्हती. टाकावी लागलीच नाही. ग्रुपवर 'दोन तास बाहेर आहे' लिहिलं आणि निघाले. त्याचा अर्ज नोव्हेंबरातच नामंजूर झाला होता.

संध्याकाळी मीटिंगमध्ये हा विषय काढला तर साहेब म्हणाले, "ऑन-साइटवाल्यांना ॲडजस्ट करावंच लागतं." साहेब स्वतः घरून बोलत होते. मागं देवघर दिसत होतं.

म्हणून लिहितेय. गेल्या मे महिन्यातली रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. रात्रीचे पावणेतीन, मी जुळे सोलापुरात माझ्या खोलीत मॉनिटरिंगला. तिकडं लाइट गेली. यूपीएसनं लोड धरला, काही सेकंदांत डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, आला. माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं, हॉलचं तापमान २४. मी चहा ठेवायला उठणार तेवढ्यात त्याचा फोन. "ताई, स्क्रीनवर काय का असंना, इथं पंखे किंचाळायलेत. रॅकच्या दाराला हात लावला तर चटका बसायलाय."

हॉल थंड ठेवणारा चिल्लर पुन्हा सुरूच झाला नव्हता. सर्व्हर यूपीएसवर, त्यामुळं ते उष्णता ओकतच राहतात. थंडावा मात्र थांबलेला. आणि माझ्यापर्यंत रीडिंग पोचवणारा डबाच लटकला होता. २४ हा आकडा लाइट जायच्या आधीचा! तो गच्चीवर पळाला, पॅनलवर हातानं रिसेट मारला, खाली येऊन हॉलमध्ये उभा राहिला. मी फोनवर होते. मी फक्त फोनवर होते.

कौतुकाचा मेल मला आला. त्यात त्याचं नाव नव्हतं. मी 'थँक यू सर' लिहिलं आणि गप्प बसले. ते मला आजही बोचतं.

आणि हे आमच्याच कंपनीचं नाही. ज्या फेसबुकवर तुम्ही हे वाचताय, तेच ४ ऑक्टोबर २०२१ ला सहाएक तास जगभर बंद पडलं होतं. त्यांची आतली साधनंही त्याच नेटवर्कवर, लांबून काही करायची सोयच उरली नाही. शेवटी माणसं डेटा सेंटरला पाठवावी लागली, आणि तिथल्या कडक सुरक्षेमुळं आत शिरून मशीनला हात लावायलाही वेळ गेला. एवढ्या मोठ्यांची ही गत, आणि आमचे लोक म्हणतात साइटवर 'फक्त टेक्निशियन' लागतात. फक्त?

हो, मान्य आहे, सगळ्यांनी रोज ऐरोली गाठायची गरज नाही. बाबांचं डायलिसिस आहे, घरून काम नसतं तर मला ही नोकरी सोडावी लागली असती. आणि एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या, पॅनलला मला कुणी हात लावू देणार नाही, देऊही नये. पण मी सहा वर्षांत तो हॉल तीनदा पाहिलाय. कुठला अलार्म कुठल्या कोपऱ्यातला, हे मला नकाशावरून कळतं, त्याला आवाजावरून. महिन्यातला एक आठवडा मॉनिटरिंगवाल्यांनी तिथं जाऊन शिफ्ट करावी. बाबांकडं तेवढे दिवस माझा भाऊ बघेल. आणि साइटवाल्यांच्या कामातलं जे कागदी आहे, मेंटेनन्सचे रिपोर्ट, व्हेंडरचा पाठपुरावा, तक्रारींची तिकिटं बंद करणं, ते त्यांनी एक आठवडा गावाकडून करावं. कुणाला न जमण्यासारखं काय आहे यात? जमवायचं नाहीये, एवढंच. रोस्टर करणारा माणूस कधी रात्रपाळीला उभा राहत नाही, मग त्याला संक्रांत कॅलेंडरवरची एक लाल तारीख वाटते.

मघाशी फार चिडून लिहायला बसले होते. आता जरा शांत झालेय.

अक्षता झाल्यावर त्याची आई भेटली. तिनं लेकाची नंदीध्वज पेलताना घालायची पांढरी बाराबंदी यंदाही धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. पिशवीत घालून बरोबरच आणली होती. "येईल म्हटलं ऐनवेळी," एवढंच बोलली. मी पिशवीवरून हात फिरवला. घडी मोडलेली नव्हती.

आत्ता साहेबांना मेल टाकलाय. पुढच्या संक्रांतीचा पूर्ण आठवडा ऐरोलीला माझं नाव लावा, रात्रपाळी चालेल, आणि मेमधल्या त्या रात्रीचा चिल्लर कुणी सुरू केला तेही लिहिलंय, त्याच्या नावासकट, सगळ्यांना सीसी करून.