दोन टक्क्यांची यादी आणि अर्धा मिलिग्रॅम

सप्टेंबर उजाडला की पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फोटो यायला लागतात. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपले सर', शाल, श्रीफळ, पेढे. पाठोपाठ वाद. एक गट म्हणतो, सायटेशन, म्हणजे आपल्या निबंधाला इतरांनी दिलेले संदर्भ, हेच कर्तृत्व. दुसरा म्हणतो, हा आकड्यांचा बाजार आहे, युरोपाने तो कधीच बंद केला.

आधी यादीबद्दल, मग युरोपाबद्दल, आणि मग विद्युतरसायनात हा आकडा फुगतो कसा याबद्दल. ती 'स्टॅनफर्डची' म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिथले प्राध्यापक जॉन इओअ‍ॅनिडिस आणि सहकारी ती स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या माहितीवरून काढतात. त्यात दोन वेगळे तक्ते असतात, एक संपूर्ण कारकिर्दीचा आणि एक फक्त एका वर्षाचा. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ धरून आणि वगळून, असे क्रमांकही दोन. बातमीत यातलं काहीच नसतं. अभिनंदन जरूर करा, पण तक्ता कोणता ते विचारा.

आता युरोप. मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथल्या एनडब्ल्यूओ या निधी देणाऱ्या संस्थेच्या अर्जात एच-इंडेक्स (संशोधकाच्या सायटेशनवरून काढलेला आकडा) आणि इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) लिहायला मनाई आहे. काय काम केलं आणि ते का महत्त्वाचं, हे शब्दांत मांडायचं. उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुका आणि बढत्यांतूनही इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकायचं ठरवलं. पुण्यात कौतुक होतं ते इथपर्यंतचं. त्या निर्णयाविरुद्ध इथल्याच अनेक संशोधकांनी जाहीर पत्र लिहिलं, हे कुणी सांगत नाही. त्यांचं म्हणणं असं की आकडा गेला की मनमानीला रान मोकळं. शिवाय शब्दांत मांडायचं म्हटल्यावर ज्याची इंग्रजी सफाईदार, त्याचं पारडं जड होतं, हे वेगळंच. जिथे निवड समितीत 'आपला माणूस' आधीच ठरलेला असू शकतो, तिथे वशिला नसलेल्या उमेदवाराच्या हातात आकड्याखेरीज काय असतं? म्हणून तो काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण विद्युतरसायनात, म्हणजे बॅटरी, हायड्रोजन वगैरेंच्या शास्त्रात, तो फुगतो कसा, हे समितीला ठाऊक असायला हवं.

या विषयातल्या बहुतेक शोधनिबंधांत तुलनेचा तक्ता असतो: आमचं द्रव्य अमुक, इतरांची तमुक. वीस ओळी म्हणजे वीस जणांना एकेक सायटेशन. त्या वीसांपैकी एकाचाही प्रयोग पुन्हा करून पाहिलेला नसतो. आकडा जितका भन्नाट, तितका तो जास्त तक्त्यांत जातो. चुकीचा असला तरी.

सुपरकॅपॅसिटरचंच, म्हणजे झटपट भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या वीजसाठ्याचंच, घ्या. द्रव्य ज्यावर चढवतात त्या निकेल फोमच्या, म्हणजे निकेलच्या सच्छिद्र जाळीच्या, एका चौरस सेंटिमीटरचं वजन साधारण ३५ मिलिग्रॅम. त्यावर हायड्रोथर्मल पद्धतीने, म्हणजे बंद भांड्यातल्या गरम द्रावणात, चढवलेलं ऑक्साइड अर्धा मिलिग्रॅम, आणि तेही आधीच्या-नंतरच्या वजनातल्या फरकावरून काढलेलं. त्या गरम द्रावणात फोमही थोडा खाल्ला जातो, म्हणजे फरक कमी दिसतो आणि प्रतिग्रॅम धारकतेचा भागाकार वाढतो. वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नुसता फोमही विद्युतभार साठवतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर निकेल हायड्रॉक्साइड तयार होतं. कोऱ्या फोमचा आलेख शेजारी दिलेला नसेल तर श्रेय कुणाचं हे कळायला मार्ग नाही. विद्युतप्रवाहाच्या आलेखात ठळक शिखरं असतील तर वर्तन बॅटरीचं आहे. मग ते फॅरडमध्ये सांगणंच चूक, कूलोम किंवा मिलिअँपिअर-तासांत सांगायला हवं. आणि तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत (जिथे फक्त एकाच इलेक्ट्रोडचं मोजमाप होतं) ८०० फॅरड प्रतिग्रॅम देणाऱ्या द्रव्याचे दोन सारखे इलेक्ट्रोड घेऊन सेल बांधला, तर एकूण वजनावर २०० च येतात: धारकता निम्मी, वजन दुप्पट. मथळ्यात मात्र ८००.

पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या उत्प्रेरकांत दुसरी गंमत. 'प्लॅटिनमविरहित' उत्प्रेरक म्हणायचं आणि काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे समोरचा दुसरा इलेक्ट्रोड, प्लॅटिनमची तार! बराच वेळ चालवलं की ती तार थोडीथोडी विरघळते, प्लॅटिनम उत्प्रेरक असलेल्या कार्यकारी इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं आणि उत्प्रेरक दिवसेंदिवस 'सुधारत' जातो. ग्रॅफाइटची कांडी वापरली की हा प्रश्नच उरत नाही. ऑक्सिजनच्या बाजूला निकेल असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधलं किंचितसं लोहसुद्धा कार्यक्षमता कितीतरी वाढवतं.

यातलं काहीही एच-इंडेक्सला दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की एच इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान एच संदर्भ आहेत. हर्श यांनी २००५ मध्ये मांडलेली व्याख्याच तेवढी. त्यात वेळही धरलेला नाही. लिथियम-आयन बॅटरीतल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवरचा गुडइनफ आणि सहकाऱ्यांचा निबंध १९८० चा. सोनीची बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये आणि नोबेल मिळालं २०१९ मध्ये. गंजरोधनावर किंवा प्लेटिंग बाथवर काम करणाऱ्याचा भोसरीतल्या कारखानदाराला उपयोग होईल, पण कारखानदार सायटेशन देत नाही. २०२२ मध्ये पुण्यात दाखवलेली केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजन फ्युएल सेल बस घ्या. त्यामागची मेहनत कुणाच्या एच-इंडेक्समध्ये कितीशी उतरेल?

पुण्यातल्या समित्यांनी यादी हवी तर ठेवावी, सोबत उमेदवाराचे त्याने स्वतः निवडलेले पाच निबंध मागवावेत. ते बाहेरच्या, याच विषयातल्या माणसाला वाचायला द्यावेत, तेही प्रयोगाच्या भागापासून. इलेक्ट्रोडवर द्रव्य किती आणि ते तोललं कसं, कोऱ्या आधाराचा आलेख आहे का, काउंटर इलेक्ट्रोड कशाचा, द्रावणाच्या रोधात वाया जाणाऱ्या व्होल्टेजची भरपाई किती टक्के केली, किती वेगवेगळ्या नमुन्यांवर मोजलं. एका निबंधाला अर्धा तास पुरतो. उत्तरं पुरवणी माहितीतही सापडली नाहीत तर मुलाखतीत विचारावीत. ज्याने स्वतः मोजलंय, तो वही न उघडता सांगतो.