चांदीच्या कामात मन का रमत नाही

चांदीचं काम शिकायला लागल्यापासून भेटेल तो विचारतो, 'मजा येतेय ना?' नाही येत. मण्यांचं काम मी बरीच वर्षं करते आहे. ओवायला बसले की वेळेचं भान राहत नाही. सोल्डरिंगच्या, म्हणजे धातूचे सांधे जोडायच्या टेबलाशी मात्र मान आखडते आणि कधी एकदा उठते असं होतं.

कष्टांचा हा प्रश्न नाही. पेयोट नावाच्या मण्यांच्या विणीत एखादा मणी चुकला तर चार-चार ओळी उसवाव्या लागतात, डोळे दुखतात, तरी मी कधी वैतागत नाही. कारण चूक समोर दिसते. कुठला मणी, कुठली ओळ, दोरा कुठून मागे घ्यायचा, सगळं कळतं. हातकामातला आनंद बराचसा या कळण्यातून येतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. धातूच्या कामात नवख्याला नेमकं तेच नसतं.

साधी कडी जोडायचं बघा. तारेची दोन टोकं कानशीने अशी घासायची की मधून उजेडसुद्धा दिसता कामा नये, कारण सोल्डर, म्हणजे सांधा जोडणारा वितळता मिश्रधातू, फट बुजवत नाही. अगदी चिकटलेल्या दोन कडांमधून ते केशाकर्षणाने धावतं. मग फ्लक्स, म्हणजे तापताना धातू स्वच्छ ठेवणारा लेप, लावायचं, सोल्डरचा बारीक तुकडा ठेवायचा आणि ज्योत फिरवायची. फ्लक्स आधी पांढरं फुगतं आणि तुकडा हमखास जागचा हलवतं. मग ते काचेसारखं पारदर्शक होतं. ज्योत थेट सोल्डरवर धरली तर त्याची गोळी होऊन बसते, म्हणून तापवायची ती चांदी, आणि तीही सगळी. चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही, त्यामुळे एकच कोपरा तापवू म्हटलं तर जमत नाही. ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग चांदी असलेला मिश्रधातू) साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि हार्ड सोल्डर, म्हणजे जास्त तापमानाला वितळणारं सोल्डर, वाहतं ते त्याच्या थोडंच खाली, ७५० ते ७९० च्या दरम्यान. सोल्डर वाहिलं की सांध्यावर एक चकचकीत रेघ चमकून जाते. त्याच क्षणी ज्योत बाजूला. उशीर झाला तर कडीचा गोळा, घाई केली तर सांधा कच्चा, आणि तो कच्चा आहे हे बऱ्याचदा कळतं ते नंतर, कडी ठोकून गोल करताना.

म्हणून 'प्रक्रियेचा आनंद घ्या' हा सल्ला मला पटत नाही. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याला ती प्रक्रिया अजून दिसतच नाही त्याने आनंद कशाचा घ्यायचा? वर आनंद होत नाही म्हटल्यावर माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागतो, की ही कला आपल्यासाठी नाहीच. किती जण याच टप्प्यावर हत्यारं गुंडाळून ठेवत असतील!

पहिल्याच वर्गात खड्याचं पेंडंट करायला लावणंही मला चुकीचं वाटतं. करवतीने कापणं, कानस, डाग देणं (म्हणजे सोल्डरिंग), खडा बसवणं, पॉलिश, या पाच वेगवेगळ्या विद्या आहेत. नवख्याच्या हातात त्या एकदम दिल्या की एकही धड कळत नाही, आणि घरी नेलेल्या पेंडंटमध्ये आपलं काय आणि शिकवणाऱ्याचं काय, हेही सांगता येत नाही.

सध्या मी दागिना करायचाच नाही असं ठरवलं आहे. तांब्याच्या तारेच्या कड्या करते आणि फक्त सांधे जोडते. तांबं १०८५ अंशांना वितळतं, त्यामुळे सोल्डर वाहिल्यावरही हातात भरपूर वाव राहतो. खोलीतला उजेड कमी ठेवते, म्हणजे धातूचा रंग मंद लाल होताना दिसतो. हे सुरू केल्यापासून मजा आली असं नाही म्हणणार, पण कुतूहल जागं झालं. परवा एका कडीत सोल्डर सांध्यात न जाता सगळं एकाच बाजूला ओढलं गेलं आणि मला लगेच उमगलं: ती बाजू जास्त तापली होती, सोल्डर उष्णतेकडे धावतं. बिघडलेली कडी हातात होती, तरी आखडलेली मान पहिल्यांदा सैल झाली.

आणि सांधा ही हलकी गोष्ट नाहीच. प्राचीन इटलीतले इट्रुस्कन कारागीर सोन्यावर भुकटीसारखे बारीक दाणे जोडायचे. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेलानी या सोनार घराण्याने ती रीत पुन्हा साधायला वर्षानुवर्षं घालवली, तरी ती पुरती हाती आली नाही. तांब्याचं संयुग आणि डिंकासारखा चिकट पदार्थ वापरून असे दाणे जोडायच्या पद्धतीचं पेटंट लिट्लडेल या इंग्रज माणसाने घेतलं ते थेट १९३३ मध्ये. हे वाचलं तेव्हा मला खूप धीर आला.

ती चकचकीत रेघ उमटायच्या आधीच मला तिची चाहूल लागेपर्यंत मी थांबणार आहे. तोवर आवडतं की नाही हा प्रश्न स्वतःला विचारायचा नाही. त्यानंतरही मन रमलं नाही, तर मणी आहेतच, आणि परत जाताना मला अजिबात वाईट वाटणार नाही.

तुमच्यात धातूचं काम करणारं कोणी असेल तर एवढं सांगा: ज्योत हातात घेताना होणारी धाकधूक कशाने गेली? सरावाने, की एखादी खूण कळल्यावर?