‘थांबा, सॉलिड-स्टेट येतेय’ : एका फॉरवर्डचा हिशेब

व्हॉट्सॲपवर एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘इलेक्ट्रिक कार आत्ता घेऊ नका. आजची बॅटरी पाच वर्षांत भंगारात जाते, फास्ट चार्जिंग केलं तर त्याच्याही आधी. दोन वर्षांत सॉलिड-स्टेट येतेय, ५ मिनिटांत चार्ज आणि १२०० किमी पल्ला. नाहीतर पंपावर बॅटरी बदलून मिळेल. आणि घरी चार्जिंग म्हणजे आगीला आमंत्रण.’ (सॉलिड-स्टेट म्हणजे आतल्या विद्युतभार वाहणाऱ्या द्रवाऐवजी, इलेक्ट्रोलाइटऐवजी, घन पदार्थ असलेली बॅटरी.) प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणूनच ते खपतं.

‘पाच वर्षांत भंगार’

ही भीती हवेतून आलेली नाही. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायची वेगळी सोय नव्हती. २०१२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या १२ पट्ट्यांपैकी काही पट्ट्या दीड-दोन वर्षांतच गळायला लागल्या. ओरड झाल्यावर कंपनीला ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची क्षमतेची हमी द्यावी लागली: ९ पट्ट्यांखाली गेली तर दुरुस्ती कंपनीकडे.

त्या बॅटरीचा अनुभव नेक्सॉन ईव्ही किंवा महिंद्राच्या बीई ६ ला लावता येत नाही. इथे रसायन एलएफपी म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटचं आणि पॅकमधून कूलंट फिरतं. एलएफपी सेल साधारण २,००० पूर्ण चक्रं (एकदा पूर्ण भरून रिकामं होणं म्हणजे एक चक्र) सहज काढतो. एका चक्रात २५० किमी धरले तरी ५ लाख किमी होतात. तेवढं आपण चालवत नाही. म्हणून बॅटरी झिजते ती मुख्यतः वयानं आणि उष्णतेनं. ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची हमी आता सर्रास मिळते. फक्त सही करण्याआधी हमीपत्रात क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून मिळेल तो आकडा शोधा. आकडा नसेल तर ती हमी बिघाडाची आहे, झिजेची नाही.

‘बॅटरी गेली’ अशा तक्रारींत बऱ्याचदा बॅटरी गेलेली नसते, तिचा हिशेब चुकलेला असतो. ३२० व्होल्टच्या पॅकमध्ये ३.२ व्होल्टचे १०० सेल एकामागे एक जोडलेले असतात. एलएफपी सेलचा व्होल्टेज ३० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान जेमतेम काही शतांश व्होल्टनं बदलतो, त्यामुळे नेमका किती चार्ज उरलाय हे बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला) तिथे कळत नाही. पक्की खूण वरच्या टोकालाच मिळते, आणि सगळे सेल एका पातळीवर आणायचं कामही बहुधा तिथेच होतं. महिनोन् महिने ८० टक्क्यांवरच चार्जिंग तोडलं की एक दिवस १८ टक्क्यांवरून काटा धाडकन ५ वर येतो. त्यावर उपाय सोपा: कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलंय तितक्या वेळा, सहसा आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, हळू चार्जरवर १०० टक्के करायचं आणि गाडीनं स्वतःहून थांबेपर्यंत गन (चार्जरचा गाडीत खोचायचा प्लग) काढायची नाही. निकेल असलेल्या एनएमसी बॅटरीला मात्र १०० टक्क्यांवर उभं ठेवणं मानवत नाही.

‘फास्ट चार्जिंगनं बॅटरी मरते’

चार्जर करंट ढकलत नाही, गाडी मागते तेवढाच देतो. पॅक ३२० व्होल्टचा आणि गनची मर्यादा १५० अँपिअर असेल, तर बोर्डावर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी मिळणार ४८ च. लोक चार्जरवाल्याशी भांडतात ते उगीच.

धोका आहे तो असा: करंट जास्त झाला की लिथियम सेलच्या ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन बसतं. ते कायमचं नुकसान. थंडीत आणि वरच्या टक्क्यांत हे लवकर होतं, म्हणून ८० नंतर गाडी स्वतःच वेग उतरवते. आपल्याकडे थंडीपेक्षा उष्णतेची काळजी जास्त. मे महिन्यात घाट चढून तापलेल्या पॅकला लगेच गन लावली तर बीएमएस करंट कापतं आणि ‘चार्जर स्लो आहे’ असं वाटतं. प्रवासात २० ते ८० टक्के घ्यावं आणि निघावं. पुढच्या २० टक्क्यांना बऱ्याचदा तेवढाच वेळ जातो.

‘दोन वर्षांत सॉलिड-स्टेट’

ही ‘दोन-तीन वर्षं’ बरीच जुनी आहेत. २०१७ मध्ये टोयोटाकडून २०२० च्या दशकाच्या सुरुवातीची भाषा होती. २०२३ मध्ये तीच मुदत २०२७-२८ झाली. १२०० किमी आणि १० मिनिटांचे आकडेही टोयोटाच्या त्या वर्षीच्या घोषणेतले. फॉरवर्डनं १० ची ५ केली, एवढंच.

अडचण मुळात संपर्काची आहे. द्रव इलेक्ट्रोलाइट प्रत्येक फटीत शिरतो, घन पदार्थ शिरत नाही. चार्ज-डिस्चार्ज होताना इलेक्ट्रोड फुगतात, आकसतात. मधे पोकळी पडली की तेवढा भाग निकामी. म्हणून सेल दाबून ठेवावे लागतात आणि त्या चौकटीचं वजन वाढतं. सल्फाइड जातीचा इलेक्ट्रोलाइट दमट हवेत हायड्रोजन सल्फाइड सोडतो, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू; सगळं उत्पादन कोरड्या खोलीत करावं लागतं. चीनमध्ये ‘सेमी-सॉलिड’ गाड्या विकल्या जातात, पण त्यात थोडा द्रव असतोच. पहिल्या खऱ्या सॉलिड-स्टेट गाड्या महागड्याच असणार. पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्यानं त्यासाठी थांबायचं काहीच कारण दिसत नाही. त्याच्या वाट्याला आधी येईल ती आणखी स्वस्त, आणखी वेगानं चार्ज होणारी एलएफपी, किंवा सोडियम-आयन. चीनच्या सीएटीएल (CATL) या बॅटरी कंपनीनं २०२५ मध्ये किलोला १७५ वॅट-तास साठवणारी सोडियम बॅटरी जाहीर केली, ती एलएफपीच्या पंगतीत बसते.

‘५ मिनिटांत चार्ज’

हे खोटं नाही. मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीनं १,००० व्होल्ट, १,००० अँपिअर, म्हणजे १,००० किलोवॅटचं चार्जिंग दाखवलं: ५ मिनिटांत ४०० किमी, चिनी चाचणीच्या हिशेबानं. गंमत अशी की ती बॅटरी साधी द्रववाली एलएफपीच आहे. म्हणजे ५ मिनिटांसाठी सॉलिड-स्टेटची गरज नव्हतीच.

गरज आहे ती विजेची. गल्लीच्या तोंडावरची डीपी १०० किंवा २०० केव्हीएची असते, मोठ्या वस्तीत ३१५. असल्या एका गनला ३१५ च्या तीन डीपीही पुरत नाहीत. म्हणून चीनमध्ये स्टेशनवरच मोठी बॅटरी ठेवून हळूहळू भरतात आणि गाडीत एकदम ओततात. आपल्याकडे बीई ६ सारखी गाडी १८० किलोवॅटच्या चार्जरवर २० मिनिटांत २० ते ८० टक्के होते, असं कंपनी सांगते. ७९ युनिटच्या पॅकसाठी ते सरासरी १४२ किलोवॅट झाले. गाडी तयार आहे. हायवेवर ६० किलोवॅटच्या गनपाशी रांग लागते.

‘बॅटरी बदलून मिळेल’

रिक्षा आणि स्कूटरला हे जमतं, कारण बॅटरी हातानं उचलता येते. कारचा पॅक तीन-चारशे किलोचा, सांगाड्याचा भाग, त्यात कूलंटचे सांधे, आणि प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा. इस्राएलच्या बेटर प्लेस कंपनीनं हा प्रयोग केला आणि मे २०१३ मध्ये दिवाळं काढलं. चीनमध्ये निओ ही कारकंपनी अशी स्टेशनं चालवते, पण मुख्यतः स्वतःच्याच गाड्यांसाठी.

‘घरी चार्जिंग म्हणजे आग’

घरी बहुतेक वेळा जळतो तो सॉकेट. गीझर अर्धा तास चालतो, गाडी आठ तास १४ अँपिअर ओढते. स्क्रू सैल असेल आणि तिथे ०.१ ओहम रोध आला, तर १४ × १४ × ०.१, म्हणजे जवळजवळ २० वॅट उष्णता नखाएवढ्या जागेत. सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. आठ तास ती प्लास्टिकला टेकवून ठेवल्यासारखंच हे.

१६ अँपिअरच्या चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन घ्या: ४ एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा खटका). घरात सहसा टाइप एसी असतो. गाडीतून थोडी डीसी गळती झाली तरी तो आंधळा होऊन वेळेवर पडत नाही, असं होऊ शकतं. ७.२ किलोवॅटच्या वॉल चार्जरला ६ एमएम वायर आणि ४० अँपिअरचा एमसीबी. मीटर रूमपासून पार्किंग ४० मीटर असेल तर ३२ अँपिअरला ६ एमएममध्ये सुमारे ८ व्होल्ट आणि २५० वॅट वायरीतच जातात, तिथे १० एमएम टाकलेली बरी. जुन्या सोसायटीत ॲल्युमिनियम केबल असते; तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडली की सांधा काही महिन्यांत काळा पडतो. बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं जोडटोक) हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

चार्जर लाल दिवा दाखवून अडला तर आधी मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय किंवा न्यूट्रल सैल आहे. उन्हाळ्यात खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर चार्जिंग सुरू झालं, तर वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घ्या, दर आठवड्याला पाणी घालत बसू नका.

वेगळं कनेक्शन सक्तीचं नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा दिली होती. मात्र ७.२ किलोवॅट लावायचं असेल तर बिलावर मंजूर भार किती आहे ते बघून तो वाढवून घ्यावा लागेल. रोज ४० किमी चालवणाऱ्याला तेही नको. सहा-सात युनिट लागतात, साध्या १६ अँपिअरवर दोन-अडीच तासांत भरतात.

नवीन सॉकेटवर पहिल्यांदा चार्जिंग लावलं की तासाभरानं प्लगच्या बाहेरच्या भागाला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर हरकत नाही. चटका बसला, तर एमसीबी पाडा आणि सॉकेट उघडून आधी तिन्ही स्क्रू तपासून घ्या.